एका माशाचे पंधरा मासे झाले, पण मोजले कसे?

‘अमुक नदीत नवीन प्रजाती सापडली’ या बातमीची आता आपल्याला सवय झाली आहे. गेल्या वीसएक वर्षांत या बातमीचा एक वेगळा प्रकार वाढलाय. त्यात नवीन मासा कुणाला सापडलेला नसतो. मासा जुनाच असतो, त्याला नाव असतं, तो संग्रहालयातल्या बाटलीत शंभर-दीडशे वर्षं पडून असतो. मग कुणीतरी त्याच्या पराचा तुकडा कापून डीएनए काढतं आणि कळतं की हा एक मासा नाहीच, हे चार आहेत, सात आहेत, पंधरा आहेत. दिसायला सारखे पण वंशाने वेगळे. यांना छुप्या प्रजाती म्हणतात. आमच्या लॅबमध्ये अशा पेपरांना आम्ही ‘फोडाफोडीचे पेपर’ म्हणतो.

पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात की पेपर ‘क्रिटिकली’ वाचायचा म्हणजे नक्की काय करायचं. नुसत्या चुका काढायच्या का? तर नाही. म्हणून आज एक चांगला पेपर घेतेय. वाईट पेपर झोडपायला सोपा असतो आणि त्यातून फारसं शिकायला मिळत नाही. चांगल्या पेपरात नक्की काय चांगलं आहे आणि तो कुठे घसरतो, हे सांगता येणं जास्त अवघड आहे.

पेपर आहे २०१४ सालचा, ‘सिस्टिमॅटिक बायॉलॉजी’ या जर्नलमधला. लेखक ॲडम्स, राडिक, बरिज आणि जॉर्जेस. विषय ऑस्ट्रेलियातला एक छोटा गोड्या पाण्यातला मासा, गॅलॅक्सिअस ओलिडस. त्याच वर्षी यातल्या राडिक यांनी ‘झूटॅक्सा’मध्ये या माशांचं सविस्तर वर्गीकरण छापलं, त्याच्या शीर्षकातच ‘एकातून पंधरा’ असं म्हटलंय. हे दोन पेपर जोडीने वाचायचे. पहिला सांगतो की वेगळेपणा कसा शोधला, दुसरा त्या वेगळेपणाला नावं देतो. नवीन विद्यार्थ्यांचा इथेच गोंधळ होतो: प्रजाती वेगळी असल्याचा पुरावा देणं आणि प्रजातीचं औपचारिक वर्णन करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम झालं नाही तर पहिलं हवेत राहतं, कारण नाव नसलेल्या माशाला कुठल्याही संरक्षित यादीत टाकणं महाकठीण.

आता मासा बघू. गॅलॅक्सिअस म्हणजे आकाशगंगा. काळपट अंगावर ठिपके असतात म्हणून या कुळातल्या माशांना हे नाव मिळालं. अंगावर खवले नाहीत, लांबी साधारण बोटाएवढी, राहायला डोंगरातले थंड ओढे. आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या डोंगररांगांच्या दोन्ही बाजूंना हा मासा सापडतो. १८६६ साली ब्रिटिश म्युझियममधल्या ग्युंटर यांनी त्याचं वर्णन केलं. पुढे १८७३ मध्ये कास्टेल्नो यांनी ओर्नाटस, १९३६ मध्ये मॅक यांनी फुस्कस अशी जवळच्या माशांना नावं दिली. मग १९८१ मध्ये मॅकडॉवल आणि फ्रँकेनबर्ग यांनी ऑस्ट्रेलियातल्या सगळ्या गॅलॅक्सिअसांची फेरतपासणी केली आणि म्हटलं की हे सगळे फरक एकाच, बऱ्यापैकी बदलत्या प्रजातीतले आहेत. सगळी नावं ओलिडसमध्ये विलीन.

इथे लगेच ‘त्यांनी चूक केली’ असं म्हणू नका. ओढ्यातल्या माशांचा आकार पाण्याचा वेग, अन्न, तापमान यांच्यानुसार खरोखरच बदलतो. एकाच आईची पिल्लं वेगवेगळ्या पाण्यात वाढवली तर शरीराची ठेवण वेगळी येऊ शकते. त्या काळात उपलब्ध पुराव्यावर ‘फरक आहेत, पण ते प्रजातीचे नाहीत’ हे म्हणणं सावध होतं. वर्गीकरणात असे दोन स्वभाव कायम असतात, जोडणारे आणि तोडणारे. १९८१ साली जोडणाऱ्यांची सरशी झाली एवढंच. आणि २०१४ मध्ये फोड झाल्यावर एका नव्या प्रजातीला नाव दिलं गेलं मॅकडॉवली. ज्याने जोडलं त्याचंच नाव तोडलेल्या तुकड्याला! ही चेष्टा नव्हे. मॅकडॉवल हे या कुळाचे सर्वांत मोठे अभ्यासक होते.

तर ॲडम्स आणि मंडळींनी केलं काय? ८३८ मासे घेऊन ५४ जनुकस्थानांवर ॲलोझाइम तपासले. ५५७ माशांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएमधल्या सायटोक्रोम बी जनुकाचा ६०५ अक्षरांचा तुकडा वाचला. आणि १९६३ ते ३३८९ नमुन्यांवर १७ ते ५८ बाह्य लक्षणं मोजली. हे आकडे वाचून पुढे जाऊ नका, जरा थांबा. दोनेक हजार मासे हातात घेऊन मोजायचे म्हणजे किती वर्षांचं काम असेल याचा अंदाज घ्या. राडिक यांचा याच विषयावरचा पीएच.डी. प्रबंध २०११ मध्ये कॅनबेरा विद्यापीठाला सादर झाला, त्यामुळे हे काम एका फेलोशिपच्या मुदतीत उरकलेलं नाही हे उघड आहे.

ॲलोझाइम हा शब्द आजच्या विद्यार्थ्याला जुनाट वाटेल. एम.एस्सी.ला आपण तो एका स्लाइडपुरता शिकतो. एकाच कामाच्या विकराची थोडी वेगळी रूपं जेलवर विजेच्या दाबाखाली वेगवेगळ्या वेगाने सरकतात, त्यावरून कुठल्या माशात कुठला अ‍ॅलील आहे हे कळतं. डीएनएचा क्रम थेट वाचलेला नसतो, त्यामुळे बरेच बदल निसटतात. तरी या पद्धतीचा एक मोठा गुण आहे. ही ५४ जनुकस्थानं केंद्रकातली आहेत, आई आणि बाप दोघांकडून आलेली, आणि बरीचशी एकमेकांपासून स्वतंत्र. म्हणजे ५४ साक्षीदार. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए कितीही लांब वाचलात तरी तो फक्त आईकडून, एकगठ्ठा येतो. साक्षीदार एकच, बोलतो मात्र जास्त.

आता त्यांचा निष्कर्ष. एका ओलिडसच्या जागी त्यांना १५ संभाव्य प्रजाती दिसल्या. सगळ्या पंधरांना मागाहून बाह्य लक्षणांवरूनही वेगळं करता आलं. आणि, माझ्या मते या पेपरातली सर्वांत महत्त्वाची ओळ, एका जनुकावरची डीएनए बारकोडिंगची पद्धत या माशांची ओळख आधीच पटवायला बव्हंशी निकामी ठरली.

हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे आज जे काम होतं त्यातलं पुष्कळ नेमकं याच पद्धतीवर उभं आहे. बारकोडिंगची कल्पना २००३ मध्ये हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी मांडली. मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा तुकडा वाचायचा. एका प्रजातीत तो जवळपास सारखा, दोन प्रजातींमध्ये बराच वेगळा, आणि मध्ये रिकामी दरी. २००५ मध्ये वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २०७ माशांच्या प्रजातींवर हे करून दाखवलं: एकाच प्रजातीतला सरासरी फरक ०.३९ टक्के, एकाच वंशातल्या दोन प्रजातींमधला ९.९३ टक्के. पंचवीसपट! कुणालाही वाटेल की प्रश्न सुटला.

पण ते मासे बहुतेक समुद्रातले होते. समुद्रात अंडी आणि पिल्लं प्रवाहाबरोबर शेकडो किलोमीटर जातात, जनुकं मिसळत राहतात, म्हणून एका प्रजातीतला फरक कमी राहतो. डोंगरातल्या ओढ्यात असं होत नाही. धबधब्याच्या वरचा मासा आणि शेजारच्या दरीतला मासा कदाचित हजारो वर्षं भेटलेले नसतात. समुद्रातून आलेला उंबरठा ओढ्याला लावायचा म्हणजे लोकलच्या डब्यातली गर्दी बघून वाड्यावस्तीची लोकसंख्या ठरवण्यासारखं आहे. शिवाय सरासऱ्यांमधलं अंतर म्हणजे दरी नव्हे. सर्वांत जवळच्या दोन प्रजातींमधला कमीत कमी फरक आणि एका प्रजातीतला जास्तीत जास्त फरक यांची तुलना करायला हवी. मायर आणि पॉले यांनी २००५ मध्येच कवड्यांवर हे दाखवलं होतं. नमुने भरपूर घेतले की दोन्ही ढीग एकमेकांत शिरतात. दरी बऱ्याचदा कमी नमुन्यांमुळे दिसते.

गॅलॅक्सिअसमध्ये एक जनुक का चाललं नसेल? अशा माशांत दोन कारणं नेहमी शक्य असतात. एक, प्रजाती वेगळ्या होऊन फार काळ झाला नसेल तर पूर्वजाकडून आलेले जुने मायटोकॉन्ड्रियल प्रकार दोन्हींकडे अजून शिल्लक असतात. दोन, कधीकाळी थोडा संकर झाला आणि एका प्रजातीचा मायटोकॉन्ड्रिया दुसरीत शिरला. केंद्रकातल्या जनुकांवरून मासा ‘अ’, मायटोकॉन्ड्रियावरून ‘ब’. एकाच साक्षीदारावर विसंबलात तर दोन्ही वेळा फसाल, आणि फसलोय हे कळणारही नाही.

इथे कुणी म्हणेल, त्यांनी सीओआय वापरलंच नाही, सायटोक्रोम बी वापरलं, मग बारकोडिंगला नावं कशी ठेवता? आक्षेप रास्त आहे, पण फार लांब जात नाही. दोन्ही जनुकं त्याच मायटोकॉन्ड्रियल रेणूवर आहेत आणि एकत्रच वारशाने येतात. एकाचा इतिहास तोच दुसऱ्याचा.

आता याच्या उजेडात नेहमीचा फोडाफोडीचा पेपर आठवा. चार ठिकाणांहून तीन-तीन मासे, एक जनुक, जेनबँकेतून उचललेले आणखी वीस क्रम (त्यातल्या काहींची ओळखच चुकीची, कारण नमुना जपून ठेवलेला नाही), मग त्या सगळ्यावर चार सॉफ्टवेअर: एबीजीडी, जीएमवायसी, पीटीपी आणि हल्ली ॲसॅप. चारपैकी तिघांनी सात म्हटलं की निष्कर्षात सात. हे बहुमत खोटं आहे. चारही सॉफ्टवेअर त्याच एका जनुकाकडे बघतायत. एकाच बातमीचं चार वर्तमानपत्रांतलं कात्रण दाखवून चार पुरावे आहेत असं म्हणता येत नाही.

त्यातून २०१७ मध्ये सुकुमारन आणि नोल्स यांनी जे दाखवलं ते तर मुलाखतीला जाताना पाठ असायलाच हवं. एका जनुकाचं सोडा, अनेक जनुकांवर चालणाऱ्या, आकडेमोडीने भारी असलेल्या पद्धतीसुद्धा लोकसंख्येची रचना पकडतात, प्रजातीची सीमा नव्हे. म्हणजे थोड्या दुरावलेल्या दोन वस्त्या दिसल्या की सॉफ्टवेअर रेघ मारतं. ती रेघ प्रजातीची आहे की गावाच्या वेशीची हे त्याला माहीत नसतं. डेटा जितका जास्त, तितक्या बारीक वेशी दिसतात. ‘जीनोम वाचला की प्रश्न सुटेल’ असं म्हणणाऱ्यांना हे विचारून बघा.

ॲडम्स मंडळींनी तीन वेगवेगळ्या स्वभावांचे पुरावे घेतले आणि ते जिथे जुळत नाहीत तिथे ते लपवलं नाही. म्हणून मला हा पेपर आवडतो. पण.

सोप्या आक्षेपापासून सुरू करू. सारांशात त्यांनी प्रजातींच्या संख्येत १५०० टक्के वाढ झाल्याचं लिहिलंय. एकाचे पंधरा झाले म्हणजे वाढ चौदाची, १४०० टक्के. पंधरापट आणि पंधराशे टक्के वाढ या दोन गोष्टी वेगळ्या. निष्कर्षाला धक्का लागत नाही, पण एवढ्या मोठ्या जर्नलमध्ये चार लेखक आणि समीक्षक यांच्या हातून हे पुढे गेलं, हे लक्षात ठेवायला बरं असतं. आकडा छापलेला आहे म्हणून तपासायचा नाही असं नसतं.

खरा आक्षेप त्या ‘एक’बद्दल आहे. पंधरांपैकी तिघांना आधीच नावं होती, १८६६, १८७३ आणि १९३६ सालची. म्हणजे तोडणाऱ्यांच्या बाजूने मोजलं तर तीनाचे पंधरा, पाचपट. जोडणाऱ्यांच्या १९८१ च्या यादीपासून मोजलं तर एकाचे पंधरा. निसर्गात काहीच बदललं नाही, बदलला तो छेद. आणि हाच आकडा घेऊन लेखक पुढे जगातल्या एकूण प्रजातींच्या अंदाजाबद्दल बोलतात. त्यांचं म्हणणं असं की ऑस्ट्रेलियातल्या, बऱ्यापैकी अभ्यासलेल्या माशात जर इतकं दडलेलं असेल, तर कमी अभ्यासलेल्या जीवांत किती असेल? एका प्रजातीची चौपट किंवा त्याहून जास्त फोड झाली तर तिला त्यांनी वेगळं, ‘अतिछुप्या’ गटाचं नाव दिलंय. मला हा युक्तिवाद कच्चा वाटतो. हा मासा यदृच्छेने निवडलेला नव्हता. यात भानगड आहे असा संशय अभ्यासकांना आधीपासून होता म्हणून तर इतकी मेहनत घेतली. संशयिताच्या घराची झडती घेऊन काही सापडलं, यावरून गावातल्या प्रत्येक घरात तेवढंच सापडेल असं म्हणता येत नाही. शिवाय हा मासा डोंगरमाथ्याच्या ओढ्यांत राहतो, तुकडे पडायला याहून सोयीची जागा नाही. मैदानी नदीतल्या, पुरात सगळीकडे पसरणाऱ्या माशात असं दिसेलच असं नाही.

पुढचा आक्षेप जरा तांत्रिक आहे, पण मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवणारा. ॲलोझाइमच्या कामात कायम फरकाला वजन असतं, म्हणजे असं जनुकस्थान जिथे दोन गटांत एकही अ‍ॅलील सामाईक नाही. दोन गट एकाच डोहात राहत असतील आणि तरी असे चार-पाच कायम फरक असतील, तर खेळ खलास. ते एकमेकांत प्रजनन करत नाहीत, दोन प्रजाती. कुणीही वाद घालणार नाही. पण दोन गट वेगवेगळ्या दऱ्यांत, वेगवेगळ्या धबधब्यांच्या वर राहत असतील तर?

हिशोब करून बघू. धबधब्याच्या वर प्रजनन करणारे ५० मासे अडकले. एका जनुकस्थानी दोन अ‍ॅलील निम्मे-निम्मे आहेत, कुठलंही चांगलं-वाईट नाही. निव्वळ योगायोगाने, दर पिढीत कोण पिल्लं सोडून जातं आणि कोण नाही एवढ्यावर, एक अ‍ॅलील पूर्ण नाहीसं व्हायला सरासरी साधारण १४० पिढ्या लागतात. एक पिढी दोन वर्षांची धरली तर तीनशे वर्षांच्या आतच. शेजारच्या दरीतही तसेच ५० मासे अडकलेत. तिथेही हेच होणार. दोघांकडे वेगवेगळं अ‍ॅलील उरण्याची शक्यता निम्मी. अशी दहा जनुकस्थानं असतील तर सरासरी पाच कायम फरक, आणि प्रजाती मात्र एकच! निम्मे-निम्मे ही टोकाची धारणा आहे हे मान्य. सुरुवातीला एक अ‍ॅलील दहा टक्केच असेल तर ही शक्यता १८ टक्क्यांवर येते, म्हणजे दहांत जेमतेम दोन फरक. पण मुद्दा राहतोच. छोट्या, तुटलेल्या वस्त्यांमध्ये कायम फरक स्वस्त असतात.

याला उत्तर आहे, आणि ते पेपरातच आहे: बाह्य लक्षणंही त्याच रेषेवर तुटतात. योगायोगाने जनुकं सुटी होतील, पण डोक्याची ठेवण, परांची जागा, किरणांची संख्या हे सगळं त्याच ठिकाणी तुटणं जास्त अवघड. बरोबर. फक्त इथे ‘मागाहून’ हा शब्द विसरू नका. आधी जनुकांनी गट पाडले, मग त्या गटांमध्ये फरक शोधले. ५८ लक्षणं हाताशी असतील आणि एखाद्या गटाचे मासे एकाच ओढ्यातले असतील, तर काही ना काही फरक सापडण्याची शक्यता बरीच. तो फरक प्रजातीचा, की त्या ओढ्याच्या थंड पाण्याचा? आमच्या जर्नल क्लबमध्ये यावर तासभर वाद झाला. लॅबमधल्या सीनियर ताईचं म्हणणं होतं की इतक्या नमुन्यांवर टिकलेला फरक निव्वळ योगायोग नसणार. माझं म्हणणं, नमुन्यांची एकूण संख्या इथे कामाची नाही. ज्या प्रजाती एकाच ओढ्यापुरत्या आहेत त्यांचे नमुने कितीही घ्या, ओढा एकच राहतो. पंधराही प्रजातींबद्दल माझा विश्वास सारखा नाही, आणि तो तसा असायचं कारणही नाही. दूरवर पसरलेल्या, इतरांच्या शेजारी राहूनही वेगळ्या राहिलेल्या प्रजाती एका रांगेत. एकाच ओढ्यातल्या दुसऱ्या रांगेत. पेपर मात्र ‘पंधरा’ हा एकच आकडा पुढे करतो.

आणखी एक. सगळ्या पंधरा प्रजाती बाहेरून ओळखता येतात, तर मग त्यांना छुप्या म्हणायचं कशाला? त्या लपलेल्या नव्हत्या, आपण बघितलं नव्हतं. २०१८ मध्ये स्ट्रुक आणि सहकाऱ्यांनी नेमकी हीच तक्रार केली, की हा शब्द इतका सैल वापरला जातो की त्यात खरोखर एकसारखे दिसणारे जीव आणि नीट न तपासलेले जीव एकाच पोत्यात जातात. पहिल्या प्रकारात एक सुंदर प्रश्न असतो, इतका काळ वेगळे राहूनही शरीर का बदललं नाही? दुसऱ्यात तो प्रश्नच नाही. आपल्या प्रबंधाचं शीर्षक ठरवताना हा भेद आधी करा.

‘पंधरा की अकरा, काय फरक पडतो’ असं वाटत असेल तर टँटंगरा ओढ्याकडे बघा. राडिक यांच्या बारा नव्या प्रजातींपैकी एक गॅलॅक्सिअस टँटंगरा. वर्णन झालं तेव्हा ती स्नोई पर्वतातल्या या एका ओढ्याच्या वरच्या छोट्याशा टप्प्यात, एका धबधब्याच्या वर, एवढीच माहीत होती. खाली ट्राउट. हे ट्राउट तिथले नाहीत. १८६४ मध्ये त्यांची अंडी बर्फात घालून जहाजाने इंग्लंडहून टास्मानियात आणली गेली आणि पुढे गळ टाकणाऱ्यांच्या हौसेसाठी देशभर सोडली गेली. ट्राउट जिथे पोहोचला तिथून गॅलॅक्सिअस संपत गेला, म्हणून उरलेले मासे धबधब्यांच्या वर. जोवर सगळे ओलिडस होते तोवर हा ‘दूरवर पसरलेला, चिंता नसलेला’ मासा होता. एका ओढ्यातला संपला तर दुसऱ्यातला आहे. फोड झाली आणि त्या ओढ्यातला मासा अतिसंकटग्रस्त ठरला. पुढे स्नोई २.० हा जलविद्युत प्रकल्प आला, टाल्बिंगो आणि टँटंगरा ही धरणं बोगद्याने जोडणारा. भीती अशी की पाण्याबरोबर गॅलॅक्सिअस ब्रेव्हिपिनिस हा त्याचाच भाऊबंद वर येईल. हा मासा ओल्या खडकाला पर टेकवत धबधबा चढतो. ट्राउटला अडवणारा धबधबा त्याला अडवणार नाही. मासा रोखणाऱ्या जाळ्यांवर, गाळण्यांवर किती खर्च करायचा हा वाद त्यामुळे उभा राहिला, आणि त्या वादाच्या मुळाशी २०१४ चं वर्गीकरण आहे. समोरच्या वकिलाने उद्या विचारलं की ही प्रजाती कशावरून, तर उत्तर वरच्या दोन रांगांपैकी कुठून द्यायचं हे माहीत हवं.

२०१९-२० च्या वणव्यांनंतरही हेच झालं. पाऊस पडला की जळालेल्या डोंगरावरची राख आणि गाळ ओढ्यात येणार, मासे गुदमरणार. म्हणून व्हिक्टोरियात काही गॅलॅक्सिअस उचलून तात्पुरते टाक्यांमध्ये ठेवले गेले. आधी कुठल्या ओढ्यावर माणूस पाठवायचा? ज्याला स्वतंत्र नाव आहे त्या माशाच्या.

उलट्या दिशेची चूक बघायला ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरचं वर्णन केलं, आजचा टॉर खुद्री. नावही इथल्या बोलीतूनच उचललेलं. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याच्या बीजकेंद्रात याची पैदास झाली आणि बोटुकली दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. महसीर तो महसीर, असा हिशोब. पण कावेरीत पाठीला उंचवटा असलेला, केशरी परांचा स्वतःचा महसीर होता, ज्याला शास्त्रीय नाव नक्की कुठलं लावायचं हेच ठरलेलं नव्हतं. पिंडर आणि सहकाऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या, मासे पकडून परत सोडणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निळ्या परांचा बाहेरचा महसीर वाढताना आणि उंचवट्याचा नाहीसा होताना दिसला. २०१८ मध्ये शरीररचना आणि डीएनए मिळून त्याचं नाव लागलं, टॉर रेमादेवी. हा मासा छुपा नव्हता. गळ टाकणाऱ्याला तो लांबून ओळखू यायचा. डीएनएने त्याला शोधलं नाही, त्याला कागदपत्रं मिळवून दिली, आणि तीही पुष्कळ उशिरा.

वरचा ५० माशांचा हिशोब माझ्यावर विश्वास ठेवून सोडू नका. आर किंवा पायथनमध्ये वीसएक ओळींत होतो. दर पिढीत १०० जनुकप्रती आधीच्या पिढीतून यदृच्छेने उचलायच्या, अ‍ॅलील शून्य किंवा शंभर झालं की थांबायचं, हे हजार वेळा करायचं. मग माशांची संख्या ५० वरून ५०० करा. त्यानंतर दोन दऱ्यांमध्ये दर दहा पिढ्यांनी एक मासा इकडून तिकडे जाऊ द्या आणि कायम फरक किती उरतात ते मोजा. हे आकडे समोर ठेवून ॲडम्स मंडळींचा पेपर पुन्हा उघडा, आणि पहिल्यांदा नमुन्यांचा नकाशा बघा: कुठल्या दोन प्रजातींचे ठिपके एकाच ओढ्यावर पडलेत, आणि कुठले कधीच एकमेकांजवळ येत नाहीत.